तह, करार आणि कंत्राट : अमेरिकेतील आदिवासी आरोग्यसेवेच्या निधीसंबंधीचे न्यायालयीन वाद

प्रस्तावना

दोन पक्षांमधील बांधिलकी सांगण्यासाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत. राजा राजाशी तह करतो, दोन व्यक्ती किंवा संस्था आपसात करार करतात आणि सरकार रस्ता बांधायला देते ते कंत्राट. या तीन शब्दांची प्रतिष्ठा याच क्रमाने उतरत जाते. तहाचा उल्लेख इतिहासाच्या ग्रंथात होतो, कंत्राटाचा निविदेच्या जाहिरातीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मूळ रहिवासी जमातींनी आपल्या आरोग्यसेवेच्या निधीसाठी १९९० च्या दशकापासून तेथील केंद्र शासनाविरुद्ध जे दावे लढविले, त्यांचा अभ्यास करताना मात्र हा क्रम उलटा झालेला आढळतो. तहाच्या आधारे ज्यांना फारसे काही मिळाले नाही, त्यांना कंत्राटाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात एकामागून एक विजय मिळाले. असे का घडले आणि त्या विजयांची मर्यादा कोठे आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. ‘आदिवासी’ हा शब्द आपण अनुसूचित जमातींच्या संदर्भात वापरतो. त्यामागे घटनेतील सूची, राखीव जागा व विकास योजना यांची चौकट असते. अमेरिकेतील मान्यताप्राप्त जमाती, ज्यांची संख्या साडेपाचशेहून अधिक आहे, या स्वतःचे शासन, न्यायालये व पोलीस असलेल्या राजकीय संस्था आहेत. १८३१ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी चेरोकी नेशनच्या खटल्यात त्यांचे वर्णन देशांतर्गत परावलंबी राष्ट्रे असे केले व त्यांचे अमेरिकेशी असलेले नाते पाल्य आणि पालक यांच्या नात्यासारखे असल्याचे म्हटले. या वर्णनातील ‘राष्ट्र’ आणि ‘परावलंबी’ या दोन शब्दांमधील ताण आजही मिटलेला नाही. पुढील सर्व खटले त्याच ताणातून उद्भवलेले आहेत.

तहातील वैद्य

एकोणिसाव्या शतकात जमातींनी प्रचंड भूप्रदेश अमेरिकेच्या स्वाधीन केला. त्याच्या मोबदल्यात जी आश्वासने मिळाली, त्यांत आरोग्यसेवेचाही समावेश होता. सू जमातींशी १८६८ साली झालेल्या फोर्ट लॅरमीच्या तहातील तेराव्या कलमात वैद्य, शिक्षक, सुतार, गिरणीवाला, लोहार इत्यादी माणसे दरवर्षी पुरविण्याचे अमेरिकेने मान्य केले होते. गावगाड्यातील बलुतेदारांची आठवण व्हावी अशी ही यादी आहे. फरक एवढाच की, येथे बलुते जमिनीच्या रूपाने आधीच देऊन झाले होते.

पुढे १९२१ च्या स्नायडर कायद्याने या खर्चाला सर्वसाधारण वैधानिक आधार मिळाला. १९५५ मध्ये ही जबाबदारी गृहखात्याकडून सार्वजनिक आरोग्य खात्याकडे आली व ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’ ही यंत्रणा सुरू झाली. (अमेरिकेतील ‘इंटिरिअर’ खाते हे आपल्या गृहखात्यासारखे नाही. जमिनी, खनिजे व जमाती हे त्याचे विषय आहेत. तथापि मराठीत दुसरा सोयीचा शब्द नाही.) आज सुमारे २८ लाख लोक या सेवेच्या कक्षेत येतात. तिचा निधी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दरवर्षीच्या विनियोजन कायद्याने देते. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेप्रमाणे तो कायद्यानेच आपोआप देय ठरत नाही. हा मुद्दा वरकरणी तांत्रिक वाटला तरी लेखाच्या शेवटी पुन्हा विचारात घ्यावा लागेल.

अशा निधीवर लाभार्थ्याचा न्यायालयीन हक्क कितपत असतो? १९९३ च्या लिंकन विरुद्ध व्हिजिल या खटल्यात त्याचे उत्तर मिळाले. नैर्ऋत्येकडील राज्यांतील अपंग आदिवासी मुलांसाठी चालविलेला एक उपचार कार्यक्रम आरोग्यसेवेने १९८५ मध्ये बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की, काँग्रेसने एकरकमी तरतूद केली असेल तर तिची वाटणी कशी करावी हा खात्याच्या स्वेच्छाधिकाराचा प्रश्न आहे व न्यायालय त्यात लक्ष घालणार नाही. लाभार्थी म्हणून दाद मागणाऱ्याच्या हाती या निवाड्याने काहीच उरले नाही.

१९७५ चा कायदा व करारपूरक खर्च

जमातींना आरोग्यसेवा द्यावयाची ती वॉशिंग्टनच्या नोकरशाहीनेच द्यावी, असा प्रघात होता. जुलै १९७० मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी काँग्रेसला पाठविलेल्या विशेष संदेशात जमातींच्या स्वयंनिर्णयाचे धोरण मांडले. त्याची परिणती म्हणून ४ जानेवारी १९७५ रोजी ‘इंडियन सेल्फ-डिटर्मिनेशन अँड एज्युकेशन असिस्टन्स ॲक्ट’ हा कायदा अस्तित्वात आला. तो ९३ व्या काँग्रेसचा ६३८ क्रमांकाचा कायदा असल्याने त्याखालील करारांना तेथे सर्रास ‘६३८ करार’ म्हटले जाते.

कायद्याची कल्पना साधी आहे. शासन जो दवाखाना स्वतः चालवीत होते तो चालविण्याची मागणी जमातीने केली, तर कायद्यात दिलेली मोजकी कारणे वगळता शासनास ती मान्य करावी लागते. दवाखान्यावर शासन जेवढा खर्च करीत होते तेवढी रक्कम जमातीस मिळते. आज इंडियन हेल्थ सर्व्हिसच्या निधीपैकी ६० टक्क्यांहून अधिक निधी अशा व्यवस्थेतून खर्च होतो आणि अलास्कात तर जवळजवळ संपूर्ण सेवा जमातींच्या संस्थाच चालवितात.

अडचण अशी होती की, शासनाने दवाखान्यावर केलेला खर्च आणि दवाखान्याचा खरा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. शासकीय दवाखान्याचा वकील दुसऱ्या खात्यात बसतो, लेखापरीक्षण तिसरे खाते करते, कर्मचाऱ्यांच्या विम्याची सोय चौथ्या ठिकाणी असते. यांपैकी कशाचीही नोंद दवाखान्याच्या खात्यावर होत नाही. जमातीने तोच दवाखाना घेतला की, हे सर्व खर्च तिच्या अंगावर येतात. शिवाय वार्षिक लेखापरीक्षणासारख्या काही गोष्टी केवळ करार केल्यामुळेच बंधनकारक होतात. अनुदानित महाविद्यालयात काम करणाऱ्या वाचकांना ‘वेतनेतर अनुदान’ हा शब्द व त्यासोबत येणारी दुखणी वेगळी सांगावयास नकोत. शिक्षकाचा पगार मिळतो, पण विजेचे देयक कोणी भरावयाचे हा प्रश्न उरतो. हा खर्च कोठून तरी करावाच लागत असल्याने जमातींना तो रुग्णांच्या पैशातून करावा लागला. दवाखाना स्वतः चालवावयास घेणे म्हणजे औषधांचा पैसा हिशेबनिसाला देणे, अशी ही अवस्था होती.

१९८८ मध्ये काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून या खर्चाची पूर्ण भरपाई देण्याचे बंधन घातले. त्यालाच ‘कॉन्ट्रॅक्ट सपोर्ट कॉस्ट्स’ अर्थात करारपूरक खर्च म्हणतात. याच दुरुस्तीने १९७८ च्या कंत्राट-विवाद कायद्याखाली शासनावर नुकसानभरपाईचा दावा करण्याचा मार्गही जमातींना खुला झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत दूरगामी घटना हीच होय. भरपाईचे आश्वासन तर पूर्वीच्या तहांतही होते. त्या आश्वासनाच्या भंगासाठी, लष्कराला बूट पुरविणारा व्यापारी ज्या न्यासनापुढे उभा राहतो, त्याच न्यासनापुढे उभे राहण्याची सोय मात्र प्रथमच झाली होती.

चेरोकी नेशन विरुद्ध लेव्हिट (२००५)

कायदा झाला, पण पूर्ण रक्कम मिळेना. ओक्लाहोमातील चेरोकी नेशन आणि आयडाहो-नेवाडा सीमेवरील डक व्हॅलीच्या शोशोन-पाययूट जमाती यांनी १९९४ ते १९९७ या आर्थिक वर्षांतील थकबाकीसाठी दावे केले. आपण रकमेचे आश्वासन दिले होते आणि ती पूर्ण दिली नाही, या दोन्ही गोष्टी शासनाने नाकारल्या नाहीत. काँग्रेसने पुरेसा पैसा दिला नाही, हा त्याचा बचाव होता. कायद्यात ‘तरतूद उपलब्ध असल्यास’ असे शब्द होते, त्यांवर शासनाची भिस्त होती.

एका अपील न्यायालयाने शासनाच्या बाजूने व दुसऱ्याने जमातीच्या बाजूने निर्णय दिल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. १ मार्च २००५ रोजी न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी न्यायालयाचा निर्णय दिला. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी सुनावणीत भाग घेतला नव्हता. उर्वरित आठही न्यायमूर्ती जमातींच्या बाजूने होते. काँग्रेसने आरोग्यसेवेला प्रतिवर्षी सव्वा अब्ज डॉलरहून अधिक एकरकमी तरतूद केली होती. त्या रकमेतून कंत्राटदारांची देणी सहज भागली असती. खात्याने तो पैसा इतर कामांसाठी महत्त्वाचा मानला, हे कारण सामान्य कंत्राटदाराला सांगता आले नसते, म्हणून ते जमातीलाही सांगता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

येथे लिंकन विरुद्ध व्हिजिल खटल्याशी तुलना करण्यासारखी आहे. खाते तेच, तरतूदही तशीच एकरकमी. १९९३ मध्ये एकरकमी तरतूद ही खात्याची ढाल होती. २००५ मध्ये तिनेच खात्याला अडचणीत आणले, कारण पैसा होता हे तिच्यावरून सिद्ध झाले. मधल्या काळात बदलले ते दावा करणाऱ्याचे स्थान. अपंग मुले लाभार्थी म्हणून आली होती, चेरोकी नेशन कंत्राटदार म्हणून आले.

रामा नवाहो निवाडा आणि वेळेचा प्रश्न

एकरकमी तरतुदीमुळे शासन अडचणीत येते हे दिसल्यावर उपाय उघड होता. करारपूरक खर्चासाठी अमुक रकमेहून अधिक खर्च करू नये, अशी कमाल मर्यादा काँग्रेस विनियोजन कायद्यातच घालू लागली. गृहखात्याखालील जमाती विभागासाठी ती १९९४ पासून होती, आरोग्यसेवेसाठी १९९८ पासून आली. दुसरीकडे पात्र जमातीचा करार नाकारण्याची मुभा खात्यास नव्हती आणि पूर्ण भरपाईचे कलमही कायम होते. न्यू मेक्सिकोतील रामा नवाहो चॅप्टरच्या खटल्यात हा अंतर्विरोध न्यायालयापुढे आला. हा खटला आरोग्यसेवेचा नव्हता. पोलीस, शेती इत्यादी सेवांचे करार त्यात होते. परंतु कायदा एकच असल्याने आरोग्यसेवेचे प्रलंबित दावेही त्यावरच अवलंबून होते.

प्रश्न एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर रुपयांची तरतूद असताना शासनाने वीस-वीस रुपयांची सहा कंत्राटे केली. एकूण देणे एकशेवीस झाले. तूट कोणी सोसावयाची? शासनाचे उत्तर होते, सर्वांनी प्रमाणात. १८ जून २०१२ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते अमान्य केले. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांच्या बहुमताच्या निवाड्यानुसार प्रत्येक कंत्राटदाराने आपले वीस रुपये शंभरात बसतात एवढेच पाहावयाचे असते. शासनाने इतर किती जणांना शब्द दिला आहे याचा शोध घेण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. हा सिद्धांत १८९२ च्या फेरिस खटल्यापासून शासकीय कंत्राटांना लागू आहे. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी भिन्नमत नोंदविले. पुढे २०१५ मध्ये या समूहदाव्यात ९४ कोटी डॉलरची तडजोड झाली. आरोग्यसेवेपुरते पाहिले, तर २०१६ च्या आर्थिक वर्षापासून काँग्रेसने या खर्चासाठी कमाल मर्यादेऐवजी ‘आवश्यक तेवढी रक्कम’ अशी स्वतंत्र तरतूद सुरू केली.

कंत्राटदार होण्याचा तोटाही याच सुमारास प्रकट झाला. विस्कॉन्सिनमधील मेनॉमिनी जमातीने चेरोकी निवाड्यानंतर, सप्टेंबर २००५ मध्ये आपले जुने दावे दाखल केले. कंत्राट-विवाद कायद्यात सहा वर्षांची मुदत आहे. दुसऱ्या जमातीचा समूहदावा प्रलंबित असल्याने आपण थांबलो होतो, हे स्पष्टीकरण देऊन मुदतीत सूट मागण्यात आली. २५ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने एकमताने ती नाकारली व १९९६ ते १९९८ या वर्षांचे दावे मुदतबाह्य ठरले. शासन जमातीचे विश्वस्त असल्याने मुदतीबाबत उदारता दाखवावी, हा युक्तिवादही उपयोगी पडला नाही. व्यापाऱ्याचे हक्क मागणाऱ्याला व्यापाऱ्याचीच शिस्त लागू झाली.

सॅन कार्लोस अपाचे निवाडा (२०२४)

यानंतरचा वाद अधिक गुंतागुंतीचा, आणि रकमेच्या दृष्टीने मोठा होता. आदिवासी रुग्णाकडे मेडिकेअर, मेडिकेड किंवा खाजगी विमा असेल तर दवाखाना त्यांच्याकडून उपचाराचा खर्च वसूल करतो. १९७६ च्या आदिवासी आरोग्यसेवा सुधारणा कायद्याने शासकीय दवाखान्यांना हा मार्ग खुला केला. पुढे जमातींनाही तो मिळाला. करारानुसार हे उत्पन्न पुन्हा आरोग्यसेवेवरच खर्च करावे लागते. प्रश्न असा, की या उत्पन्नातून चालणाऱ्या सेवेचा करारपूरक खर्च कोणी द्यावयाचा?

समजा, एका दवाखान्याला शासनाकडून दहा लाख डॉलर व विमा-वसुलीतून आणखी दहा लाख मिळतात आणि प्रशासकीय खर्च शेकडा वीस आहे. शासनाची भूमिका होती की, आम्ही फक्त आमच्या दहा लाखांवरील दोन लाख देऊ. उरलेले दोन लाख वसुलीतून वजा झाल्यावर ढोबळमानाने आठच लाख रुग्णांसाठी उरतात. तोच दवाखाना शासन चालवीत असते तर दहाचे दहा लाख उरले असते. ॲरिझोनातील सॅन कार्लोस अपाचे जमातीने २०११ ते २०१३ या वर्षांसाठी सुमारे ३० लाख डॉलरचा व वायोमिंगमधील नॉर्दर्न अरापाहो जमातीने २०१६ व २०१७ साठी सुमारे १५ लाख डॉलरचा दावा केला. रकमा लहान दिसतात, परंतु हे तत्त्व सर्व जमातींना लागू केल्यास प्रतिवर्षी ८० कोटी ते २ अब्ज डॉलरचा बोजा येईल, असा शासनाचा अंदाज होता.

६ जून २०२४ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जमातींच्या बाजूने निर्णय दिला. निवाडा लिहिला होता सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी, म्हणजे बारा वर्षांपूर्वी रामा नवाहो खटल्यात विरोधी मत देणाऱ्यांनीच. त्यांची तर्कपद्धती शब्दशः कराराची आहे. विमा-वसुली करणे व ती आरोग्यसेवेवर खर्च करणे कराराने बंधनकारक केले आहे. कराराच्या अटी पाळताना आलेला खर्च हा कराराचाच खर्च होय. तो न दिल्यास स्वतः कारभार करू पाहणाऱ्या जमातीला त्याबद्दल दंड भरावा लागेल आणि कायद्याचा हेतू तर नेमका याच्या उलट होता. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हॅनॉ यांच्या भिन्नमतात या कायद्याच्या अनेक दशकांच्या अंमलबजावणीवर भर होता. एवढा मोठा खर्च वाढवावयाचा तर तो निर्णय काँग्रेसने घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा मुद्दा दुर्लक्षणीय नाही. तथापि दंडाचे जे गणित वर मांडले आहे त्याला भिन्नमतात समाधानकारक उत्तर सापडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या निवाड्याच्या एकच वर्ष आधी, जून २०२३ मध्ये, नवाहो नेशनने १८६८ च्या तहाच्या आधारे कोलोरॅडो खोऱ्यातील पाण्याच्या गरजेबाबत दाद मागितली होती. तेव्हाही निकाल पाच विरुद्ध चार असाच लागला, परंतु जमातीच्या विरुद्ध. राखीव प्रदेशासाठी पाणी मिळवून देण्याकरिता सक्रिय पावले उचलण्याचे बंधन तहात नाही, असे बहुमताने ठरविले आणि त्या बहुमतात सरन्यायाधीश रॉबर्ट्स होते. लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच न्यायमूर्तींचे मत तहाखाली नकारार्थी व कंत्राटाखाली होकारार्थी पडले. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी त्यांनी कागदावर काय लिहिले आहे एवढेच पाहिले. तहाच्या कागदावर दीडशे वर्षांपूर्वी थोडे लिहिले गेले होते, कंत्राटाच्या कागदावर १९८८ नंतर बरेच लिहिले गेले.

तहाचा मार्ग पूर्णतः बंद झाला आहे असे मात्र नाही. रोझबड येथील शासकीय रुग्णालयाचा तातडीचा विभाग डिसेंबर २०१५ मध्ये बंद करून रुग्ण अन्यत्र पाठविले जाऊ लागले, तेव्हा रोझबड सू जमातीने न्यायालयात धाव घेतली. १८६८ च्या तहातील त्या एका ‘वैद्य’ शब्दाचा आधार घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखालील सक्षम आरोग्यसेवा देण्याचे कर्तव्य अमेरिकेवर आहे, असा निर्णय आठव्या विभागाच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. हा निर्णय कर्तव्याची घोषणा करतो. त्याने कोणत्याही दवाखान्याच्या खात्यात ठरावीक रक्कम जमा होत नाही.

विजयाची मर्यादा

कंत्राटाने मिळते ते दवाखाना चालविण्याच्या अनुषंगिक खर्चाचे. मूळ सेवेसाठी किती रक्कम असावी, हे तहाप्रमाणेच कंत्राटही सांगत नाही. शासन जेवढा खर्च करीत होते तेवढाच, हे १९७५ च्या कायद्याचे माप आहे. तो खर्चच अपुरा असेल तर कंत्राट अपुरेपणाचीच अचूक हमी देते.

दुसरी अडचण विनियोजनाच्या पद्धतीत आहे. करारपूरक खर्चाची ‘आवश्यक तेवढी’ रक्कम देणे बंधनकारक असले, तरी ती वार्षिक विनियोजनाच्या ज्या गटात मोजली जाते त्याची एकूण मर्यादा ठरलेली असते. एका बाजूला न्यायालयाच्या निवाड्याने खर्च वाढला, की त्याच गटातील डॉक्टरांच्या नेमणुका किंवा रुग्णालयांची दुरुस्ती यांसाठी जागा कमी उरते. म्हणून हा खर्च वार्षिक मंजुरीच्या कक्षेतून काढून मेडिकेअरप्रमाणे बंधनकारक करावा, ही जमातींची मागणी आहे. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने आरोग्यसेवेला पुढील वर्षाची आगाऊ तरतूद प्रथमच मिळाली. २०१८-१९ मधील ३५ दिवसांच्या शासकीय टाळेबंदीत दवाखान्यांचे जे हाल झाले, त्याची ती उशिरा घेतलेली दखल होती. मात्र आगाऊ मिळालेली रक्कमही वार्षिक मंजुरीचीच असते.

२०२४ च्या निवाड्यातून एक प्रश्न हिशेबाचा उरला आहे. विमा-वसुलीतील नेमका किती भाग कराराच्या कामावर खर्च झाला, हे प्रत्येक जमातीने वर्षनिहाय कागदोपत्री दाखवावयाचे आहे. त्यासाठी लागणारे हिशेबनीस, लेखापरीक्षक व वकील मोठ्या जमातींकडे असतात, शे-दोनशे कुटुंबांच्या जमातीकडे बहुधा नसतात. शिवाय मेनॉमिनी निवाड्यातील सहा वर्षांची मुदत कायम आहे. सॅन कार्लोस अपाचे जमातीला २०११ चे पैसे मागता आले, कारण तिने वेळेत दावा केला होता. जून २०२४ चा निकाल वाचून प्रथमच दावा करावयास निघालेल्या जमातीला साधारणपणे २०१८ पर्यंतच मागे जाता येत होते. त्याआधीच्या वर्षांत जो पैसा रुग्णांऐवजी कार्यालयीन खर्चावर गेला, त्याची मागणी करण्याचा मार्ग तिच्यासाठी बंद झाला होता.